जिन्यालगतचं घर

शहर बदलायचं नक्की झालं त्या रात्री मी वहीचं एक पान आडवं धरून त्यावर रकाने आखले. पहिल्या रकान्यात वस्त्यांची नावं, पुढे ऑफिसचं अंतर, शाळेचं अंतर, भाडं, खोल्या, पाणी, पार्किंग आणि अगदी शेवटी ‘इतर’. ओळखीच्यांना फोन करून, नकाशे बघून, जाहिराती चाळून पाच वस्त्यांची माहिती त्यात भरली. दोन रात्री लागल्या. ‘इतर’चा रकाना मात्र पाचही ओळींत कोरा राहिला, कारण तिथे काय लिहायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी, दुसऱ्यांदा सामान बांधताना, ते पान हाती लागलं. मधल्या काळात आम्हाला ज्याचा त्रास झाला आणि ज्याची उणीव भासली, ते सगळं त्या कोऱ्या रकान्यात लिहायला हवं होतं.

हा लेख त्या रकान्याबद्दल आहे.

वाढत्या महानगरात नव्यानं येणाऱ्याची पहिली गफलत नावापासूनच होते. लांबून ते एकच शहर वाटतं. ‘मेट्रोपोलिस’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मातृनगरी. जवळ गेलं की कळतं, ही आई आणि तिची मोठी झालेली लेकरं यांच्या चुली कधीच वेगळ्या झाल्या आहेत. मध्ये जुनं शहर, त्याला चिकटलेली उपनगरं, कारखान्यांच्या आधारानं फुगलेली गावं, काल-परवापर्यंत शेती होती तिथे उभे राहिलेले गृहप्रकल्प आणि या सगळ्यांमधून गेलेल्या हद्दी. रस्त्याच्या या बाजूला एका संस्थेचं पाणी, त्या बाजूला दुसरीचं. बस हद्दीपर्यंत येते आणि तिथूनच मागे वळते. कचरा उचलणारी गाडी तिसऱ्याच कुणाची. घरांच्या जाहिरातीतल्या नकाशावर ही रेघ कुणी काढत नाही, पण राहायला गेल्यावर ती रोज आडवी येते. म्हणूनच तिथल्या माणसांना ‘कुठे राहता?’ असं विचारलं तर ती शहराचं नाव सांगत नाहीत. वस्तीचं सांगतात, पुष्कळदा चौकाचं.

अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञानं १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे तपासून स्थलांतराबद्दल काही निरीक्षणं मांडली होती. बहुतेक माणसं फार लांब जात नाहीत, टप्प्याटप्प्यानं सरकतात, आणि माणसांचा ओघ एका दिशेनं जात असेल तर उलट दिशेनंही एक लहान ओघ वाहत असतो. मी हे वाचलं तेव्हा मला मोठा धीर आला. एका उडीत नेमक्या जागी जाऊन पडायचं असतं अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात महानगराच्या आतही माणूस टप्प्यानंच सरकतो. पहिलं घर चुकणं हा त्यातलाच एक टप्पा.

आमचं पहिलं घर शहराच्या बाहेरच्या कडेला होतं. ते आम्ही एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास पाहिलं. रुंद, गुळगुळीत रस्ता, त्यावर तुरळक गाड्या. सातव्या मजल्याच्या गॅलरीतून लांबवर टेकड्यांची रांग दिसत होती आणि वारा इतका होता की बोलताना आवाज चढवावा लागत होता. एजंट प्रत्येक वाक्यात ‘प्रस्तावित’ म्हणत होता. प्रस्तावित स्टेशन, प्रस्तावित उद्यान, प्रस्तावित पूल. मी गॅलरीत उभी होते आणि मनात ठरवून टाकलं होतं की आता आपलं आयुष्य या वाऱ्यासारखं मोकळं होणार.

डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या दोघांनी १९९८ साली नेमक्या या भावनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात शिकणाऱ्या आणि कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं की तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात. दोन्हीकडचं समाधान सारखंच निघालं. पण तुमच्यासारखाच एखादा विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी किती समाधानी असेल असं विचारल्यावर दोन्हीकडच्या मुलांना वाटलं, कॅलिफोर्नियातला जास्त सुखी असणार. हवा डोळ्यांत भरते ना! पण रोजचा दिवस हवेवर थोडाच चालतो. तो चालतो अभ्यासावर, माणसांवर, झोपेवर, प्रवासावर. आपण एका गोष्टीकडे टक लावून पाहतो तेव्हा ती असते त्याहून फार मोठी दिसते, असा त्यांचा निष्कर्ष. माझ्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे गॅलरी. दोन वर्षांत त्या गॅलरीत मी निवांत किती वेळा उभी राहिले असेन? बोटांवर मोजता येईल इतक्या वेळा. कारण उजाडायच्या आत आम्ही घर सोडायचो आणि अंधार पडल्यावर परतायचो.

रविवारच्या त्या मोकळ्या रस्त्याचं सोमवारी काय होतं हे आम्ही पाहिलंच नव्हतं. राहायला गेलो तेव्हा नवऱ्याला ऑफिस गाठायला पन्नास मिनिटं लागत. दीड वर्षात सव्वा तास लागायला लागला. रस्ता तोच होता, उलट मध्ये त्याची एक मार्गिका वाढली होती. अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९६२ सालीच सांगून ठेवलं आहे की शहराच्या मोठ्या रस्त्यावर गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याची क्षमता संपेपर्यंत वाढत जाते. रस्ता रुंद झाला की लांबची जमीन जवळची वाटते, तिथे घरं होतात आणि त्या घरांतली माणसं त्याच रस्त्यावर उतरतात. आम्हीही त्यांतलेच. समोरच्या गाड्यांतल्या माणसांनाही असाच कुणी तरी रविवारी दुपारी बारा वाजता रस्ता दाखवला असणार.

इटलीतले भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ साली एक ठोकताळा मांडला. माणूस दिवसाकाठी साधारण एक तास प्रवासाला देतो, जाऊन-येऊन मिळून. जुन्या काळी सगळे पायी चालत तेव्हा शहरं मध्यापासून अडीच किलोमीटरच्या आसपास थांबत, कारण अर्ध्या तासात तेवढंच चालून होतं. वाहनं आली, वेग वाढला, तशी शहरं पसरली. तासाचा हिशेब मात्र फारसा हलला नाही. हा तास ओलांडला की माणूस कुठून तरी वेळ उसना आणू लागतो. आमच्या घरात तो लेकीच्या वाट्यातून येत होता. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेच्या बसमध्येच झोपून जायची आणि संध्याकाळी दप्तर दाराशी टाकून विचारायची, ‘आई, आज कुणी आहे का खाली?’ खाली आखीव बाग होती, पाच रंगांची घसरगुंडी होती. पण तिच्या वयाची मुलं तिच्यासारखीच कुठल्या ना कुठल्या बसमध्ये असायची.

अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती पाहून २००८ साली लिहिलं की लांबचा प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. अर्थशास्त्राच्या हिशेबानं असं व्हायला नको. लांब राहणाऱ्याला स्वस्त किंवा मोठं घर मिळतं, त्यातून प्रवासाची भरपाई व्हायला हवी. ती होत नाही. मला याचं कारण अनुभवातून सांगता येतं. मोठ्या खोलीची महिन्याभरात सवय होते. सिग्नलला अडकण्याची सवय कधीच होत नाही, कारण ते रोज नव्यानं घडतं.

तरीही प्रवासाचा त्रास हा माझा मुख्य मुद्दा नाही. तो वहीत लिहिलेला होता, आम्ही तो कमी धरला इतकंच. जे लिहिलंच नव्हतं ते वेगळं होतं.

दुसऱ्या वर्षी बाबा महिनाभर राहायला आले. पहिले दोन दिवस ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी खाली फेरफटका मारायला गेले आणि दहा मिनिटांत परत आले. चौथ्या दिवशीही तसंच. मी विचारलं, ‘बाबा, एवढ्यात आलात?’

ते म्हणाले, ‘फाटकापर्यंत गेलो आणि आलो. मध्ये थांबावं असं काही नाही गं.’

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते मला जास्त लागलं. फाटकापर्यंतचा रस्ता स्वच्छ होता, दोन्ही बाजूंना कापलेली हिरवी कुंपणं होती. पण खरंच, मध्ये थांबावं असं काही नव्हतं. ओटा नव्हता, पायरी नव्हती, कुणाचं दार नव्हतं.

आठवडाभरानं रात्री दीड वाजता बाबांना चक्कर आली. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता. बाबा बाथरूमच्या दारात बसले होते, कपाळावर घाम, हात गार. मी त्यांना एका हातानं धरलं होतं आणि दुसऱ्या हातात फोन होता. आणि मला कळेना की लावू कुणाला. दीड वर्ष राहत होते मी त्या मजल्यावर. चार दारं होती. एकाही दारामागच्या माणसाचा नंबर माझ्याकडे नव्हता. दोघांची तर नावंही माहीत नव्हती. शेवटी फाटकावरच्या रखवालदाराला फोन केला, तो धावत वर आला, आम्ही दोघांनी बाबांना लिफ्टमधून खाली नेलं आणि गाडीत बसवलं. लेकीला उठवून सोबत घेतलं, कारण तिला कुणाच्या घरी ठेवणार? दवाखान्यात गेल्यावर कळलं की रक्तदाब एकदम उतरला होता. पहाटेपर्यंत बाबा बरे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. समोरच्या दारातली बाई उभी होती. दीड वर्षात लिफ्टमध्ये आम्ही एकमेकींना कितीदा तरी पाहिलं होतं. ती म्हणाली, ‘काल रात्री तुमच्याकडे काही तरी गडबड झाल्याचा आवाज आला. मी दारापर्यंत आले होते. पण बेल वाजवावी की नाही, कळेना.’ तिचे डोळे भरून आले होते. रात्रभर झोपली नव्हती, असं तिनं नंतर सांगितलं.

मी त्या क्षणाचा फार विचार केला आहे. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ती. मला मदत हवी होती, तिला मदत करायची होती. मध्ये दोन दारं आणि सहा-सात फुटांचा चकचकीत फरशीचा पॅसेज. आम्हा दोघींत काही खोट होती असं मला वाटत नाही. त्या इमारतीची मांडणीच अशी होती की माणूस गाडीतून तळघरात उतरे, तळघरातून लिफ्टमध्ये शिरे आणि लिफ्टमधून आपल्या दारात. दोन माणसांची वाट कुठे एकमेकींना छेदतच नव्हती. लिफ्टमध्ये छेदली तरी अर्धं मिनिट, तेही आकड्यांकडे बघत.

पुढच्या काही महिन्यांत मी या विषयावर हाती लागेल ते वाचलं. त्यातला एक अभ्यास मला पाठ झाला आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धानंतर विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती. कोणाला कुठलं घर मिळेल हे आवडीवर नव्हतं, रिकामं झालं की क्रमानं मिळे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी तिथे कुणाची कुणाशी मैत्री झाली ते विचारलं आणि १९५० साली निष्कर्ष छापले. शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे जवळचे मित्र होते. एक दार सोडून पलीकडे गेलं की २२ टक्के. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. अंतर कितीसं, तर काही पावलांचं! आणि त्याहून मोलाची गोष्ट ही की जिन्याच्या पायथ्याशी आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही मैत्री होती. त्यांचा स्वभाव वेगळा होता म्हणून नव्हे. लोक रोज त्यांच्या दारावरून जात होते म्हणून.

आपण म्हणतो, ‘चांगला शेजार नशिबानं मिळतो.’ मीही म्हणायचे. आता मला वाटतं, नशिबाच्या आधी जिना येतो.

दुसरा अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोतला, डोनाल्ड ॲपलयार्ड यांचा, १९७० च्या आसपासचा. त्यांनी सारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरची माणसं निवडली. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी वाहनांच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. जास्त वाहनांच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता, ०.९. पण मला आकड्यांपेक्षा त्यातली चित्रं हलवून गेली. त्यांनी लोकांना विचारलं की नकाशावर तुमचं ‘घर’ कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवा. शांत रस्त्यावरच्यांनी सगळा रस्ताच आपल्यात घेतला. गजबजलेल्या रस्त्यावरच्यांचं घर त्यांच्या दारापाशी संपलं, काहींचं तर दाराच्याही आत. हेच ॲपलयार्ड १९८२ साली अथेन्समध्ये एका भरधाव गाडीखाली सापडून गेले. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

माझी रेघ कुठपर्यंत गेली असती? दाराच्या आतल्या कडीपर्यंत.

तेव्हा दुसऱ्यांदा घर शोधायचं ठरलं तेव्हा मी वही काढली नाही. आम्ही तीन वस्त्या ठरवल्या आणि प्रत्येक वस्तीत जाऊन नुसतं उभं राहायचं ठरवलं. मंगळवारी सकाळी सातला, मंगळवारी संध्याकाळी सातला, रात्री दहाला, आणि एकदा भर पावसात. रविवार मुद्दाम टाळला. ज्या दिवशी आपण दमलेले असतो आणि कुणाकडे चांगलं वागायचं त्राण नसतं, त्या दिवशी वस्ती कशी असते ते मला बघायचं होतं.

पावसातल्या फेरीनं एक वस्ती लगेच गळाली. तिथल्या कुंपणाच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ होती. वरचा रंग ताजा, खालचा पोपडे धरलेला. जमिनीचा उतार आजूबाजूच्या तीन बाजूंनी तिथेच येत होता. माहितीपत्रकात कोणी पाण्याची पातळी सांगत नाही, भिंत सांगते. ज्यांना घर विकत घ्यायचं आहे त्यांनी तर विकास आराखडाही बघावा आणि आधी निदान एक पावसाळा तिथे भाड्यानं राहावं, असं मला मनापासून वाटतं. भाड्याचे पैसे वाया जातात असं लोक म्हणतात. ते वाया जात नाहीत, त्यातून माहिती विकत मिळते.

दुसऱ्या वस्तीत सगळं ठीक होतं आणि मला तिथे काहीच आठवण्यासारखं दिसलं नाही.

तिसरी वस्ती जुनी होती, तीन-चार मजल्यांच्या इमारती, अरुंद रस्ता. पहिल्या नजरेत नवऱ्याला अजिबात आवडली नाही. मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिथल्या कोपऱ्यावर उभे होतो. झाडाला पार होता, त्यावर चार-पाच वयस्क माणसं बसलेली. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा सायकल ढकलत आला. चेन उतरली होती. त्यानं खाली बसून ती बसवायचा प्रयत्न केला, बोटं काळी झाली, जमेना. पारावरचे एक काका उठले नाहीत, तिथूनच म्हणाले, ‘अरे, मागचं चाक उचल आधी.’ मुलानं उचललं. शेजारून जाणारी एक बाई हातातली पिशवी खाली ठेवून थांबली आणि तिनं चाक धरलं. मुलानं पायडल उलटं फिरवलं, चेन दातांवर चढत चढत खट्कन बसली. बाईनं पिशवी उचलली आणि ती गेली. तिनं त्याचं नाव घेतलं नाही, त्यानं तिला थँक्यूही म्हटलं नाही. सगळं मिळून दोन मिनिटं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘इथे घर मिळतं का बघू.’

जेन जेकब्स या लेखिकेनं रस्त्यावर असलेल्या अशा डोळ्यांबद्दल १९६१ साली लिहिलं. रस्ता सुरक्षित राहतो तो तिथे वावरणाऱ्या, दारात-खिडकीत असणाऱ्या साध्या माणसांच्या नकळत ठेवलेल्या नजरेनं, पोलीस फार नंतर येतात, असं तिचं म्हणणं. मला तिच्याबद्दल आपुलकी वाटते ती आणखी एका कारणानं. तीही स्थलांतरित होती. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरातून न्यूयॉर्कला आली, तिथलं ग्रीनिच व्हिलेज तिनं आपलं केलं, आणि १९६८ मध्ये, मुलांना व्हिएतनामच्या लढाईत जावं लागू नये म्हणून, कुटुंबासकट कॅनडात टोरांटोला गेली. पन्नाशी ओलांडल्यावर नवा देश, नवं शहर. आणि थोड्याच दिवसांत ती तिथल्या शेजाऱ्यांबरोबर वस्तीतून जाणाऱ्या एका द्रुतगती मार्गाविरुद्ध उभी राहिली. तो मार्ग १९७१ साली रद्द झाला. एखादी वस्ती आपली व्हायला तिथे जन्मावं लागत नाही हे तिच्याकडे पाहून मला पटलं.

वस्तीतल्या माणसांना काय विचारायचं हेही मी हळूहळू शिकले. ‘इथे कसं आहे?’ याचं उत्तर सगळीकडे ‘छान आहे’ असंच येतं. ‘शेवटचं पाणी कधी गेलं होतं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं की वस्ती बोलायला लागते. एका ठिकाणी उत्तर आलं, ‘आम्ही तक्रार नोंदवली.’ या तिसऱ्या वस्तीत एक काकू म्हणाल्या, ‘तळमजल्यावरच्यांच्या टाकीत होतं, त्यांनी पाइप सोडून दिला जिन्यातून. सगळा जिना ओला.’ त्या हे सांगताना जिन्याचीच तक्रार करत होत्या. मी ऐकत होते दुसरंच काही.

आता एक अवघड गोष्ट. वस्ती निवडताना आपल्यासारखी माणसं शोधायची की नाही? नव्या शहरात आपली भाषा कानावर पडली की जीव थाऱ्यावर येतो, हे मी अनुभवलं आहे. आधी आलेल्यांचं बोट धरूनच नवे येतात, आणि त्यात गैर काही नाही. पण थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ साली दाखवलं की प्रत्येकाला नुसतं ‘थोडे तरी आपल्यातले शेजारी असावेत’ एवढंच वाटत असलं, तरी घरं बदलता बदलता सगळं शहर वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलं जातं. कुणाच्या मनात द्वेष नसतानाही. आणि जिथे मनात तो असतो तिथे काय होतं हे माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं भोगलं आहे. फोनवर घर रिकामं होतं. तिनं नाव सांगितलं आणि ते ‘कालच गेलं’. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी तिनं आधी नाव सांगितलं आणि मग घराबद्दल विचारलं, म्हणजे फेरी तरी वाचेल. वस्ती ‘निवडणं’ हा शब्द वापरताना मला ती आठवते. आपल्याला निवडायला मिळतं, हे सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नाही.

माझं मत असं झालं आहे की आपल्या माणसांशी असलेला धागा जपावा, पण राहावं मिश्र रस्त्यावर. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली लिहिलं की नोकरीची बातमी माणसाला जिवलगांपेक्षा जेमतेम ओळखीच्यांकडून अधिक मिळते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. नव्या शहरात तर प्रत्येक गोष्टीला हे लागू आहे. लेकीचा चांगला दवाखाना, नवऱ्याला सोपी पडणारी बस, घरकामाला येणारी ताई, सगळं आम्हाला अशा माणसांकडून कळलं ज्यांची आडनावं मला आजही सांगता येणार नाहीत.

घर मिळालं ते पहिल्या मजल्यावर. एजंट दार उघडतानाच म्हणाला, ‘जिन्याला लागून आहे, दिवसभर लोकांची ये-जा. आवाज येतो. म्हणून भाडं जरा कमी आहे.’ मी तेव्हाच मनात होकार दिला. एक खोली कमी झाली. गॅलरी गेली, टेकड्या गेल्या. मोठं कपाट दारातून आत येईना, ते विकावं लागलं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. काही मिळवलं की काही सुटतंच.

आणि जाऊन राहिल्याबरोबर सगळं जुळलं असंही नाही. पहिले तीन-चार महिने लोक फक्त बघत. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नुकत्याच दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या प्रौढ माणसांना आणि विद्यापीठात नव्यानं आलेल्या मुलांना विचारून २०१८ साली एक अंदाज मांडला. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सोबत घालवलेले साधारण ५० तास लागतात, खरी मैत्री व्हायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. मी हिशेब केला. जिन्यात रोज तीन मिनिटं बोललं तर वर्षाचे अठरा तास. ५० तासांना पावणेतीन वर्षं. पण पारावर रोज अर्धा तास बसलं तर शंभर संध्याकाळी. आमच्या घरात त्या शंभर संध्याकाळी सर्वांत आधी कुणी भरल्या असतील तर लेकीनं, आणि तिच्या मागोमाग, पुढच्या खेपेला आलेल्या बाबांनी. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून ते खाली जात आणि तासाभरानं वर येत. वर येताना कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, कुणाचा गुडघा दुखतो, कुठलं घर रिकामं होणार आहे, हे सगळं घेऊन येत. त्यांना मी विचारायचे, ‘कुठे थांबला होतात?’ तर म्हणत, ‘इथेच, जिन्यात.’

घरात जिन्याचा आवाज मात्र खरोखर येतो. सकाळी शाळेला धावणारी पावलं, दुपारी कुरिअरवाल्याची हाक, रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या मुलाची सावकाश चढणारी पावलं. आता मला पावलांवरून माणूस कळतो. मध्ये आठ दिवस ती रात्रीची पावलं ऐकू आली नाहीत, तेव्हा मी वर जाऊन दार वाजवलं. ताप होता त्याला. वाजवू की नको, असं मनात आलंसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात पहिल्या घरासमोरच्या त्या शेजारणीचा फोन आला. त्या रात्रीनंतर आम्ही नंबर घेतले होते आणि ते टिकले. तीही घर शोधते आहे. म्हणाली, ‘तुमच्या बाजूला काही आहे का? आम्ही येतो बघायला. रविवारी दुपारी चालेल?’

मी म्हटलं, ‘रविवारी नको, मंगळवारी या. संध्याकाळी सातला. मी खाली जिन्यापाशीच असेन.’